थवा मोडून मासा पाळता येत नाही

‘थव्याचा आग्रह हे दुकानदारांनी काढलेले खूळ आहे. दोन मासे खपायचे तिथे दहा खपवता येतात, एवढाच त्याचा अर्थ.’ भोरच्या बाजारपेठेत, नसरापुरात आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या फार्महाउसांमध्ये हे म्हणणे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवे. असे बोलणारी माणसे निष्काळजी नाहीत. दिवाणखान्यातल्या दोन फुटी टाकीचे पाणी ती वेळच्या वेळी बदलतात, खाणे मोजून घालतात, वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप लावतात. त्यांचा युक्तिवादही वरवर पाहता बिनतोड वाटतो. टाकीत खंड्या नाही, मरळ नाही, पाणसाप नाही. मग थवा करून राहायची गरज काय? शिवाय दुकानातला मासा नदीतून आलेला नसतो, तो कुठल्या तरी फार्मवर सिमेंटच्या हौदात जन्मलेला असतो. त्याने नदीच पाहिली नाही, तर थवा त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून दोन निऑन टेट्रा, दोन टायगर बार्ब, दोन झेब्रा, दोन विडो, जोडीला एखादी मॉली असे घ्यावे. टाकी रंगीत दिसते आणि पोरांना चार जाती पाहायला मिळतात.

हा युक्तिवाद मुळापासून चुकीचा आहे. त्याची किंमत बोलणाऱ्याला पडत नाही, टाकीतल्या जिवांना पडते, म्हणून तो तसाच सोडून देववत नाही.

आधी पैशांचे पाहू, कारण आरोप पैशांचा आहे. चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात ५६ लिटरच्या आसपास पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ५० लिटरच्या आतच. एवढ्या पाण्यात, फिल्टर चांगला मुरलेला असेल तर, दहा निऑन टेट्रा सुखाने राहतात. दोन-दोनच्या हिशेबाने भरलेल्या टाकीत मात्र दहा-बारा मासे सहज होतात, आणि त्यातले चार गेले की नवे चार येतात, पुन्हा चार जातात. ही ये-जा थांबत नाही. गल्ल्यात भर कशाने पडते, ते यावरून कळावे. काउंटरवर मला तरी थव्याचा आग्रह क्वचितच ऐकू आला आहे. ‘मिक्समध्ये घ्या, टाकी भरल्यासारखी दिसते,’ हाच सल्ला मिळतो. थव्याचा आग्रह आला तो माशांच्या वागण्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांकडून. आणि त्यांच्याही आधी, ओढ्याकाठी बसून पाण्यात पाहणाऱ्या कुणालाही तो दिसतच होता.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला हे पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी आणि त्यांना मिळणारे कितीतरी ओढे आपल्या दाराशी आहेत. पावसाळा ओसरून पाणी निवळले, भात कापणीला आले की एखाद्या उथळ धारेवर, पुलाच्या कडेला, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसावे. अळकुटांचा चंदेरी थवा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थरथरत उभा असतो. नीट पाहिले तर तो शिस्तीत नसतो. वाहत आलेला किडा टिपायला एखादा मासा पुढे झेपावतो आणि पुन्हा मागे आपल्या जागेवर येतो. दोन-तीन जण कडेला रेंगाळतात. खाली दगडाला चिकटलेले मळ्या शेवाळ खरवडत असतात, ते वेगळेच. सगळे सैल, निवांत चाललेले असते. मग वरून खंड्या सरकन जातो. पापणी लवायच्या आत तो सैल थवा आवळतो, सगळ्यांची तोंडे एका दिशेला वळतात, दोन माशांमधली अंतरे सारखी होतात आणि अख्खा थवा एका अंगाने खोल पाण्याकडे सरकतो. धोका टळला की काही वेळाने तो पुन्हा विस्कटतो.

थव्याचे हे आवळणे आणि सैलावणे ज्याने एकदा मन लावून पाहिले, त्याला दोन माशांची टाकी पाहताना काय हरवले आहे ते लगेच जाणवते. दोन माशांना आवळायला काही नाही आणि सैलावायलाही काही नाही.

हे सगळे घडते कसे, याचीही बरीच उकल झालेली आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ गेलेली असते. तिच्यातल्या पेशी पाण्याचा हलकासा दाब, शेजारच्याच्या शेपटीचा कंप टिपतात. पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या तिघांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सेथ नावाच्या समुद्री माशांचे डोळे तात्पुरते झाकून त्यांना थव्यात सोडले, तरी ते थव्याबरोबर पोहत राहिले. शेजारी कुठे आहे हे मासा नुसते पाहत नाही, त्याला ते अंगाला जाणवते. वासाचीही एक वाट आहे. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि पुढे १९७३ साली नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो या माशाबद्दल लिहिले. हा आपल्या ओढ्यांतल्या खवलीच्याच, म्हणजे कार्पच्या कुळातला. त्याच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास लागताच बाकीचे मासे बिथरतात, आवळतात, पळतात. म्हणजे थवा म्हणजे शेजारी-शेजारी पोहणारे काही मासे नव्हेत. डोळे, अंगावरची रेघ आणि नाक या तिन्ही वाटांनी ते एकमेकांशी बांधलेले असतात. मासा जन्मतो तोच ही बांधणी अंगात घेऊन. टाकीत आणले म्हणून ती काढून ठेवता येत नाही.

थव्याचा उपयोग नुसता जीव वाचवण्यापुरता आहे, असेही कुणी समजू नये. गोल्डफिश आणि मिनो मोठ्या गटात असले की लपवलेले खाणे लवकर शोधतात, हे १९८२ मध्ये दाखवले गेले. पहारा वाटला गेला की प्रत्येकाला डोके खाली घालून खाता येते. एकट्याला एक डोळा सतत वर ठेवावा लागतो. घरच्या टाकीत जो मासा खाणे टाकल्यावरही फिल्टरच्या मागून बाहेर येत नाही, त्याला ‘लाजाळू’ म्हणून आपण सोडून देतो. तो लाजाळू नसतो. त्याच्या वाटणीचा पहारा द्यायला दुसरे कुणी नसते.

आता ‘दोन-दोन’च्या मांडणीला सर्वांत जड जाणारा प्रयोग. लँडो आणि टरबॉर्ग यांनी १९८६ साली बास हा शिकारी मासा आणि त्याचे भक्ष्य असलेले चंदेरी मिनो एकत्र आणून पाहिले. एकटा मिनो चटकन सापडायचा. आठांचा एकसारखा गट असला की बासचा गोंधळ उडायचा आणि शिकार बहुतेक वेळा फसायची. मग त्यांनी त्या आठांतले एक-दोन मिनो निळे रंगवले. शिकार पुन्हा साधू लागली, आणि नुसते निळेच नव्हे, त्यांच्याबरोबरचे साधे मिनोही जास्त पकडले जाऊ लागले. थव्यात वेगळे दिसणे माशाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यांसाठीही. आपली रंगीबेरंगी टाकी नेमकी ही धोक्याची मांडणी करते: दोन लाल, दोन काळे, दोन पट्टेरी, आणि प्रत्येकजण वेगळा दिसणारा. टाकीत बास नाही हे माशाला सांगायचे कुणी?

यावरच समोरचे म्हणतात, शिकारीच नाही तर कालांतराने मासा ते विसरेल. फार्मवर जन्मलेल्याला तर ते मुळात नसेलच. त्यांच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा हाच आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांनी डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि हौदांत सोडलेला गप्पी सगळ्यांना माहीत आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांमध्ये धबधब्यांच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वरच्या टप्प्यात ते पोहोचू शकत नाहीत. सेगर्स यांनी १९७४ साली दाखवले की शिकाऱ्यांबरोबर राहणारे गप्पी घट्ट थवे करतात आणि वरच्या सुरक्षित पाण्यातले सैल राहतात. मग त्यांनी दोन्ही ठिकाणच्या गप्पींची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवली. या पिल्लांनी शिकारी कधी पाहिलाच नव्हता, तरी त्यांच्यात हा फरक टिकून राहिला. धोका पाहिला नाही म्हणून थवा करण्याची ओढ गेली नाही. ती पिढ्यांनी रक्तात उतरवलेली होती. आणि कितीतरी पिढ्या निवांत गेल्या तर ती पातळ होते, नाहीशी होत नाही, हेही वरच्या टप्प्यातल्या गप्पींवरून दिसते.

दुसरे उदाहरण दुकानात ‘झेब्रा’ म्हणून मिळणाऱ्या माशाचे. गंगेच्या खोऱ्यातला हा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली शास्त्राच्या नोंदीत आणला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत ओरेगनला जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी त्याच्यावर काम सुरू केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या असंख्य पिढ्या काचेच्या डब्यांतच जन्मून काचेतच संपल्या आहेत. तरी प्रयोगशाळेतला झेब्रा दुसरा झेब्रा दिसला की त्याच्याकडे जातो. ‘काचेत जन्मलेल्याला थवा नको’ असे म्हणणाऱ्यांनी या माशाकडे पाहावे. त्याच्याइतका काचेत मुरलेला मासा दुसरा नाही.

इथे समोरच्यांना एक गोष्ट द्यायला हवी. एंगेझर, रायन आणि पॅरिची यांच्या २००४ च्या अभ्यासात पट्टेरी झेब्राची पिल्ले बिनपट्ट्याच्या झेब्रांबरोबर वाढवली, तर मोठेपणी ती बिनपट्ट्याच्यांकडेच ओढली गेली. म्हणजे आपले कोण, हे मासा लहानपणी शिकतो. जन्मापासून सगळेच ठरलेले असते, असे माझेही म्हणणे नाही. पण या निष्कर्षाने दोन-दोनच्या टाकीची सुटका होत नाही, उलट तिच्यावरचा आरोप वाढतो. फार्मवरच्या हौदात तो मासा शेकडो आपल्यासारख्यांत वाढला, त्यांचे रूप त्याच्या डोळ्यांत बसले, आणि मग एका पिशवीत बांधून त्याला एका अनोळखी जोडीदारासह परक्या रंगांच्या घोळक्यात सोडले. त्याला थवा ठाऊक नव्हता, हे म्हणणे मग टिकत नाही. त्याला थव्याशिवाय दुसरे काहीच ठाऊक नव्हते.

‘पण आमचे मासे मजेत आहेत,’ हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवले जाते. दोन्ही प्रकारचे लोक ते म्हणतात. एक म्हणतो, माझे दोघे टाकीभर हिंडतात, थवा वगैरे काही करत नाहीत, म्हणजे त्यांना गरज नाही. दुसरा म्हणतो, माझे सहा कायम एकमेकांना चिकटून असतात, किती छान थवा आहे. दोघांचाही अर्थ चुकतो. कायम आवळलेला थवा हा भेदरलेला थवा असतो. नवीन टाकीत, लपायला झाडोरा नसलेल्या उघड्या पाण्यात, चारी बाजूंनी माणसे वावरणाऱ्या खोलीत मासे असे एकमेकांना धरून बसतात. निवांत थवा सैल असतो, आणि दार आपटले की आवळतो, मग पुन्हा मोकळा होतो. आणि जोडीने ठेवलेले दोघे ‘हिंडतात’ असे वाटते तेव्हा जवळ जाऊन पाहावे. काचेच्या एकाच कडेला वर-खाली, वर-खाली चाललेले असते. कल्ल्यांची उघडझाप भरभर होते. निऑनची निळी रेघ रात्री फिकी पडते हे स्वाभाविक आहे, पण दिवसाही ती मंदच राहिली तर काहीतरी बिनसले आहे. खाणे पडल्यावर एक झपकन येतो, दुसरा लांबूनच पाहतो, कारण दोघांतला एक केव्हाच दुसऱ्याच्या मागे लागलेला असतो.

टायगर बार्बच्या बाबतीत तर हे हमखास होते. आठ-दहांच्या गटात त्यांची धुसफूस आपापसांत वाटली जाते, कुणा एकावर येत नाही. दोघांत ती एकट्यावर पडते, किंवा टाकीतल्या संथ एंजलच्या लांब पंखांवर आणि गोरामीच्या मिशांवर. मग घरात म्हणतात, हा मासाच खोडसाळ. २०१० साली सॅक्स्बी, स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती टाक्यांतल्या चार लोकप्रिय जाती घेतल्या: निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, टायगर बार्ब आणि एंजल. त्यांना एकटे, दोघे, पाच आणि दहा अशा गटांत ठेवून पाहिले. मोठ्या गटांत थव्याने पोहणे वाढले आणि भांडखोरपणा कमी झाला. हा अभ्यास नदीतल्या जंगली माशांवर नव्हता, आपल्या दिवाणखान्यात असतात त्याच माशांवर होता.

माशाची आठवण दोन-तीन सेकंदांची असते म्हणून त्याला काय फरक पडतो, असेही कुणी कुणी म्हणते. कलम ब्राउन यांनी ऑस्ट्रेलियातल्या रेनबो माशांना जाळ्यातले भोक शोधून सुटायला शिकवले आणि ११ महिन्यांनी पुन्हा तेच जाळे लावले. मासे ती वाट विसरले नव्हते. या मुद्द्यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. ‘सहा घ्या’ एवढेच वाक्य पाठ करून उपयोग नाही. पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात सहा निऑन कोंबले तर थवा होत नाही, अमोनिया होतो. आपल्या अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट मोकळी सरळ जागा असेल तरच थव्याला वळता येते, आवळता येते, सैलावता येते. म्हणून थव्यातल्या माशाला उंच टाकी नको, लांब टाकी हवी. झेब्रा दिसतो बोटाएवढा, पण दिवसभर धावतो. त्याला दोन फूट अपुरे पडतात. मिस केरळ नावाचा लाल-काळ्या पट्ट्याचा सुंदर मासा अर्ध्या वीतभर वाढतो, त्याचा गट चार फुटांच्या आत ठेवूच नये. आणि ज्यांची जागा खरोखर लहान आहे त्यांच्यासाठीही मासे आहेतच. फायटर नर एकटा राहणारा आहे. त्याला पंचवीस-तीस लिटर पाणी, झाडोरा आणि शांतता दिली की त्याला सोबती लागत नाही. थव्यातला मासा एकटा ठेवणे आणि एकट्या माशाला थव्यात टाकणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

मग एक नवीच वाट काही जण सुचवू लागले आहेत, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दुकानातले दहा मासे महाग पडतात ना, तर गुंजवणीत नाहीतर नीरेच्या ओढ्यात फडके लावून दहा-वीस खवली धरून आणा. आपल्याच मातीतला मासा, फुकटचा थवा. ऐकायला हे गोड लागते. पण मार्च-एप्रिलमध्ये या तालुक्यांतले ओढे तुटतात, पाणी डोहा-डोहांत उरते आणि त्या डोहांत जे मासे तगतात तेच पहिल्या पावसाला चढणीला निघून भाताच्या खाचरांपर्यंत जातात, अंडी घालतात. उन्हाळ्यात एका डोहातून दोन ओंजळी मासे काढले तर त्या ओढ्याची पुढच्या वर्षाची वीण काढली. डोहातले कोणते मासे कधी धरावेत आणि कधी सोडावेत, याची जाण ओढ्यावर पोट असलेल्या कातकऱ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा एप्रिलच्या उकाड्यात बंद खोलीतल्या टाकीत आठवडाभर तरी टिकेल का, हा प्रश्नच आहे. वीज गेली तर रात्रही निघत नाही.

आणि आपण नेमके काय धरतो आहोत हे आपल्याला कळते का? नीरेच्या आणि पवनेच्या पाण्यातल्या एका लहानशा बार्बला पेथिया संजयमोलुरी हे नाव देऊन शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली ती २०१६ साली. तोवर तो दुसऱ्या खवल्यांतच मोजला जात होता. ज्या नदीतल्या माशाला नाव मिळायलाच २०१६ साल उजाडले, तिच्यातून फडक्याने काय उचलले हे सांगणार कोण? पश्चिम घाटाच्या बाबतीत हा हिशेब आधीच जड झालेला आहे. राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले की २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले. त्यांत केरळचा मिस केरळ होता आणि आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला पट्टेरी बोटियाही होता. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची नाही.

याच्या उलट चूकही तेवढीच मोठी आहे. थव्याचे ऐकून मन पाघळते आणि माणूस आपले मासे ‘मोकळे’ करायला भाटघरच्या किंवा पानशेतच्या काठावर जातो. मॉली, गप्पी, तळ चाटणारा सकर, काहीही धरणात सोडले जाते. उजनीत सकर आणि चिलापीने काय करून ठेवले ते तिथल्या मच्छीमारांना विचारावे. विकत घेतलेला मासा नैसर्गिक पाण्यात सोडणे ही भूतदया नाही. त्याचा रोग आणि त्याची वीण आपण अळकुटांच्या आणि मळ्यांच्या घरात नेऊन ठेवतो.

मुलांना चार जाती दाखवायच्या, हा हेतू मला मनापासून पटतो. त्यासाठी नसरापूरला बनेश्वरच्या कुंडांपाशी त्यांना न्यावे. तिथे मासे आणि कासवे लोकांच्या सवयीची आहेत आणि थवा कसा हलतो ते काठावरून दिसते. घाट उतरून महाड तालुक्यात वाळणकोंडीला न्यावे. तिथले मोठे मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही, आणि नदीतला निर्भय थवा पाहायला मिळतो तो तिथे. आपल्या गावच्या ओढ्यावर तर कधीही नेता येते. चार जाती चार ठिकाणी पाहिल्याने मुलांचे काही बिघडत नाही. एका टाकीत चारही जातींचे दोन-दोन एकाकी मासे दाखवून मात्र आपण त्यांना शिकवतो की मासे असेच असतात.

ज्यांच्या टाकीत आज दोन-दोनची मांडणी आहे त्यांनी काय करावे, तेही सांगायला हवे, कारण ते मासे जिवंत आहेत आणि लेख वाचून झाल्यावरही राहणार आहेत. भोरमध्ये चार घरांत दोन-दोन निऑन आणि दोन-दोन झेब्रा असतील, तर एका घरात आठ निऑन आणि दुसऱ्या घरात आठ झेब्रा होऊ शकतात. त्यासाठी नवा मासा विकत घ्यावा लागत नाही, शेजाऱ्याशी बोलावे लागते. पाहुणे मासे थेट टाकीत न सोडता दोन आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवावेत, अंगावर पांढरे ठिपके उठतात का ते पाहावे, रोज थोडे पाणी बदलावे. मग एकत्र आणावेत. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी जमवून घेत नाहीत म्हणून घाबरू नये. ग्रिफिथ्स आणि मॅगुरन यांनी १९९७ मध्ये गप्पींवर पाहिले तेव्हा सोबतचे मासे ओळखीचे व्हायला सुमारे १२ दिवस लागले होते. टाकीच्या एका बाजूला दाट झाडोरा आणि दुसऱ्या बाजूला मोकळे पाणी ठेवावे, खाणे एकाच ठिकाणी न टाकता पसरून टाकावे. आणि दोन टायगर बार्बना आठ करण्याइतकी जागा घरात नसेल, तर ज्याच्याकडे मोठी टाकी आणि त्यांचा गट आधीच आहे त्याला ते दोघे देऊन टाकावेत. त्याचे पैसे मागू नयेत.